आवडता गळा आणि आपला गळा

वाचकहो, एक साधा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. ‘अभंग’ हा शब्द कानावर पडला की तुमच्या मनात आधी काय उमटते? भंडाऱ्याचा डोंगर, तुकोबारायांची गाथा, की पंडित भीमसेन जोशींचा आवाज? खरे सांगायचे तर आपल्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत आवाज आधी येतो. शब्द त्याच्या मागून येतात, आणि ते शब्द कोणाचे, हे तर कधीकधी ध्यानातही येत नाही. अभंग नामदेवरायांचा असतो, चाल राम फाटकांची असते, आणि आपण सहज म्हणून जातो, ‘भीमसेनजींचा अभंग लावा.’ संतांनी शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा घालून ठेवली आहे. चालकाराला तर तीही सोय नाही. तरी लक्षात राहतो तो गळा.

यात काही बिघडते का? हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. कोणाचे भीमसेनजींवर प्रेम असते, कोणाचे किशोरीताईंवर, कोणाला लतादीदींच्या आवाजात, श्रीनिवास खळ्यांच्या चालीवर तुकोबा ऐकल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. या प्रेमाला भक्ती म्हणायचे, की भक्तीच्या वाटेवरचा एक सुखाचा मुक्काम म्हणायचे, की चक्क अडथळा?

पूर्वपक्ष करणारा म्हणेल, अडथळाच. त्याच्या हाती भक्कम आधार आहे. खुद्द तुकोबारायांनी सांगून ठेवले आहे की देवाने गोड गळा दिला नसेल तर खंत करू नका, पांडुरंग काही गोड गळ्याचा भुकेला नाही. जसे जमेल तसे नाम घ्या. मग गोड गळ्याचे एवढे कौतुक आपण कशासाठी करतो? पंढरीराया सुरावर रीझत नसेल, तर आपण रीझतो ते कोणासाठी?

मला वाटते, याचे उत्तर तुकोबांच्या सांगण्यातच आहे. देवाला सुस्वराची गरज नाही, असे ते म्हणतात. माणसाला गरज नाही, असे म्हणत नाहीत. आपले मन पाऱ्यासारखे. हरिपाठाला बसलो तरी ते उद्याच्या बाजारात, मुलाच्या फीमध्ये, शेजाऱ्याच्या बांधावर. त्याला एका शब्दापाशी दोन घटका बसवायचे तर काहीतरी धरून ठेवणारे लागते. ‘विठ्ठल’ हा एकच शब्द भीमसेनजी पुन्हा पुन्हा घेतात, कधी खालून हाक मारल्यासारखा, कधी समोर उभा दिसल्यासारखा, कधी नुसता मेघ गडगडल्यासारखा. शब्द तोच, अक्षरे तीच, पण दर वेळी तो नवा वाटतो. आपण जपमाळ ओढतो तेव्हा तिसऱ्या मण्याला शब्द शिळा होतो. तो शिळा होऊ न देता घोळवायचा कसा, हे त्या गळ्याने मला कोणत्याही प्रवचनापेक्षा जास्त शिकवले आहे.

आणि किती दारे या गळ्यांनी उघडली, तेही पाहायला हवे. सोयराबाई हे नाव आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत किशोरी आमोणकरांमुळे पोचले. चोखोबांची पत्नी, जिच्या घरच्यांना राऊळात पाऊल टाकायची बंदी होती, चोखोबांची समाधीसुद्धा महाद्वारापाशी, पायरीच्या बाहेर. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांसाठी ते दार उघडायला 1947 साल यावे लागले आणि साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. त्या सोयराबाईंचे अवघे रंग एक होण्याचे बोल आज दिवाणखान्यांत, मोटारींत, लग्नमंडपांत घुमतात. ऐकणाऱ्यांपैकी किती जण पुढे जाऊन ‘ही सोयरा कोण?’ असे विचारतात, हा प्रश्न उरतोच. पण ज्याने विचारले, त्याला तो प्रश्न त्या सुरामुळेच पडला.

पहाटे आकाशवाणीवर भक्तिगीते लागायची तेव्हा चुलीपुढे बसलेली बाई, गिरणीच्या पहिल्या पाळीला निघालेला कोकणातला किंवा घाटावरचा माणूस, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, यांची वारी त्या आवाजानेच घडत होती. त्यांना ‘हा अडथळा आहे’ असे सांगायला मी तरी जाणार नाही.

गदगच्या एका मुलाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. मातृभाषा कानडी, वय अवघे अकराच्या आसपास. अब्दुल करीम खाँसाहेबांची एक ध्वनिमुद्रिका त्याने ऐकली आणि तो घर सोडून निघाला. गाणे शिकवणारा गुरू शोधत ग्वाल्हेर, जालंधर करत फिरला. अखेर गुरू भेटले ते घरापासून फार दूर नसलेल्या कुंदगोळला, रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. आणि ते शिष्य कोणाचे? त्याच खाँसाहेबांचे. (कस्तुरीमृगाचा दृष्टांत द्यायला कीर्तनकारांना याहून चांगली गोष्ट मिळायची नाही!) किराण्याहून आलेले, मिरजेत स्थायिक झालेले एक मुसलमान खाँसाहेब, त्यांचे कुंदगोळचे शिष्य, आणि त्या शिष्याचा हा शिष्य, ज्याच्या तोंडून पुढे महाराष्ट्राने नामदेव-तुकोबा ऐकले. ज्ञानोबारायांनी ज्याला कानडा म्हटले, त्या विठ्ठलाला गाणारा गळाही कानडीच असावा, हे मला फार गोड वाटते. त्याच गळ्याने पुरंदरदासांची कानडी पदेही गायली.

पण ही गोष्ट मी सांगतो आहे ती वेगळ्या कारणासाठी. ती तबकडी त्या काळी हजारोंनी ऐकली असेल. बहुतेकांनी मान डोलावली, ‘वा’ म्हटले आणि ते आपापल्या कामाला लागले. या एका मुलाच्या बाबतीत ऐकणे कानात थांबले नाही, ते घशापर्यंत उतरले. दुसऱ्याचा आवाज ऐकून त्याला स्वतःचे तोंड उघडावेसे वाटले. आवडत्या गायकाची आवड कोणत्या जातीची आहे, हे ओळखायची खूण मला इथे सापडते. आपण सगळे काही भीमसेन होणार नाही. व्हायचेही नाही. पण ऐकून झाल्यावर आपले ओठ हलतात का?

येथे कोणी शंका घेईल की नवविध भक्तीत श्रवण पहिले आहे. नुसते ऐकून परीक्षिती राजा तरला, मग आम्ही का तरू नये? शंका चांगली आहे. पण परीक्षितीचे ऐकणे कसे होते, ते भागवत उघडून पाहावे. सात दिवसांनी मरण ठरलेले, अन्नपाणी सोडलेले, आणि शुकाचार्यांना तो पदोपदी प्रश्न विचारतो आहे. आपण गाडी चालवताना, भाजी निवडताना, मोबाइलवर दुसरेच काही पाहताना अभंग लावतो आणि त्याला श्रवणभक्ती म्हणतो. लावू नये असे नाही. परीक्षितीचे नाव मात्र मध्ये आणू नये.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला आपला पत्ता सांगतात. एक वेळ मी वैकुंठात सापडणार नाही, योग्यांच्या हृदयातही नसेन, पण जिथे माझे भक्त माझे नाम घोषाने गातात तिथे मला हुडकावे, असा त्याचा भाव. ‘गातात’ असे आहे, बरे का. जिथे गाणे लावले जाते तिथे, असे नाही.

आता मला जे खुपते ते सांगतो. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगावी काकडा चालतो, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडच्या एका गावात एक आजोबा चाळीसेक वर्षे काकड्याला भूपाळ्या आणि गवळणी म्हणत आले. आवाज फाटका, दम अपुरा, वरच्या पट्टीत गेले की तुटणार हे ठरलेले. पण ते म्हणू लागले की चार म्हाताऱ्या आणि दोन पोरे मागून उचलत. मग देवळाला चांगला ध्वनिक्षेपक आला. पहिल्या दिवशी नामवंत गायकांचे अभंग लागले, सगळ्यांना आवडले. आठवड्याने कोणीतरी मायेनेच म्हणाले, ‘बाबा, तुम्ही कशाला घसा ताणता, बसा निवांत, लावतो आम्ही.’ बाबा बसले. टाळ मांडीवर ठेवून बसले. म्हाताऱ्याही बसल्या, कारण उचलायला काही उरलेच नाही. आरती तेवढी सगळ्यांनी म्हटली. त्या कार्तिकात त्या देवळात आजवर कधी घुमले नव्हते इतके सुरेल गाणे घुमले. गाणारा मात्र एकही नव्हता.

दोष कोणाचा? त्या गायकांचा खचित नाही. ज्याने ‘बसा निवांत’ म्हटले त्याचाही मी म्हणणार नाही; त्याच्या मनात आदरच होता. पण उत्तम ऐकू येऊ लागल्यावर बरे-वाईट स्वतःचे म्हणण्याची लाज वाटू लागते, आणि ही लाज फार गुपचूप येते. तुकोबांनी गोड गळ्याबद्दलचा उपदेश केला तो ध्वनिक्षेपकाच्या किती आधी! तेव्हाही ही लाज असणारच, नाहीतर त्यांना बोलावे लागले नसते.

आपल्या संप्रदायाने या लाजेवर उपाय करून ठेवलेला आहे, आणि तो फार शहाणा आहे. कीर्तनात बुवा चरण म्हणतात आणि थांबतात. त्या थांबण्यात मागचे टाळकरी चरण उचलतात, त्यांच्याकडून समोरचे लोक उचलतात. हजार माणसांत एकाचा बेसूर कुठे जातो, पत्ता लागत नाही. वारकरी चाली तर अशा बांधलेल्या की टाळाच्या ठेक्यावर पाय टाकणाऱ्या कोणालाही म्हणता याव्यात. अखंड सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारा बदलला की ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. रात्री तीनच्या पहाऱ्याला वीणा घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा आवाज कसा आहे, हे कोणी विचारत नाही. ध्वनिमुद्रणात हे थांबणे नसते. ते पुढे पुढे जाते, तुमच्यासाठी जागा सोडत नाही. ती जागा आपणच करून घ्यावी लागते. माझ्या ओळखीच्या एक बाई भीमसेनजींची ‘संतवाणी’ ऐकताना प्रत्येक चरणानंतर यंत्र थांबवतात, तो चरण स्वतः म्हणतात, मग पुढे जातात. घरचे हसतात. मला ती युक्ती झकास वाटते.

आवडीचे आणखी एक दुखणे आहे, ते म्हणजे अभिमान. ‘अभंग म्हणजे भीमसेनजींचाच, बाकी सगळा गोंगाट,’ असे बोलणारे भेटतात. त्यांतले काही तर ‘इंद्रायणी काठी’ हा संतांचाच अभंग समजून बोलत असतात. ते गीत ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचे, 1953 सालच्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटातले. त्याने त्याची गोडी कमी होत नाही. उलट एखाद्या कवीचे चित्रपटगीत लोकांनी संतांच्या पंगतीला नेऊन बसवले, हे मोठेच झाले. पण मग हाच मान प्रल्हाद शिंदे यांना देताना आपली जीभ का अडखळते? कव्वाली गाणारा, भीमगीते गाणारा, लोकगीते गाणारा तो खणखणीत गळा. त्यांची विठ्ठलाची गाणी संगीत सभांत कमी आणि एस. टी. स्टँडवर, रसवंतीत, चहाच्या टपरीवर जास्त वाजली. म्हणून काहींना ती हलकी वाटतात. चोखोबांना ज्यांनी पायरीबाहेर ठेवले, तेही काही वाईट माणसे नव्हती. त्यांना फक्त वरचे आणि खालचे पक्के ठाऊक होते.

मी स्वतः भीमसेनजींच्या बाजूचा आहे. आवड ठरवून बदलत नाही, बदलू नये. पण वारीच्या वाटेवर बसलो की काही वेगळेच दिसते. दुपारच्या विसाव्यानंतर दिंडी उठते आहे. कडेच्या टपरीवर प्रल्हाद शिंदे चालू आहेत, कर्णा फुटका, आवाज चिरका. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक आजी टपरीपुढून जाते. तिला गायकाचे नाव ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. टपरी मागे पडते, गाणे ऐकू येईनासे होते, आणि आजी ते पुढे म्हणत चाललेली असते, निम्मे शब्द गाळून, आपल्याच पट्टीत.