कापलेल्या कापडाची कड

मागावरून उतरलेल्या कापडाला दोन कडा आपोआप मिळतात. बाण्याचा धागा दोन्ही बाजूंना वळून परत येतो, त्यामुळे काठ घट्ट बसतो आणि सहसा निसटत नाही. उरलेल्या दोन टोकांना ताण्याचे मोकळे धागे राहतात. धोतर-उपरण्याच्या दशा त्या याच. पँटच्या पायाला यांतले काहीच उरत नाही. मापाप्रमाणे कात्री चालली की खालची मोहरी उघडी पडते आणि चार धुण्यांत तिचे धागे सुटू लागतात. ती दुमडून शिवावीच लागते. तोडलेल्या कापडाला हाताने नवी कड देणे, एवढेच हे काम. पण एक जुना धर्मप्रश्न या कामाशी जोडलेला आहे. अखंड विणलेले वस्त्र तेवढेच शुद्ध, की कापून, जोडून, शिवून पुरे केलेलेही तितकेच शुद्ध?

बडोद्याच्या मराठी घरांत हा प्रश्न कपड्यांच्या दांडीवरच पाहायला मिळतो. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आलेली कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा या भागांत स्थिरावली. देवघरातला मुकटा किंवा सोवळ्यात वाळवलेले धोतर वेगळ्या काठीवर, कुणाचा हात लागणार नाही अशा उंचीवर. कचेरीची पँट दाराआडच्या खुंटीला. गणपती बसवताना, श्राद्धाच्या दिवशी, कुळाचाराला पँट उतरवून सोवळे नेसायचे आणि कार्य आटोपले की पुन्हा पँट चढवून कामावर जायचे, हा क्रम अनेक घरांत अजून चालतो. माणूस तोच असतो; वस्त्र बदलले की त्याचा अधिकार बदलतो.

धर्मशास्त्रातले ‘अहत’ वस्त्र या विचाराचा पाया आहे. नवे, पांढरे, एकदाच हलके धुतलेले, दशा असलेले आणि पूर्वी कुणी न नेसलेले, अशी त्याची लक्षणे सांगितली जातात. कर्माला कोणते वस्त्र वर्ज्य, याचीही यादी ग्रंथांत आढळते: शिवलेले, जळलेले, दुसऱ्याचे, उंदराने कुरतडलेले, जीर्ण. या यादीतली संगत लक्षात घेण्याजोगी आहे. शिवलेले वस्त्र इथे बिघडलेल्या वस्त्रांच्या रांगेत बसवले आहे. म्हणजे ज्याला टाका घालावा लागला ते आधी फाटले असणार, असा अर्थ तिथे सहज लागतो. शिंप्याने मापाने बेतलेला नवा अंगरखा त्या रांगेत मुळात होता का, याची शंका घ्यायला जागा आहे. पुढे मात्र रूढीने ठिगळ आणि शिवण असा भेद ठेवला नाही. सुई लागली की वस्त्र कर्मातून बाद, असा सरसकट नियम घरोघरी रुजला.

नियमामागे व्यवहारही होता. न शिवलेले कापड पाण्यात पूर्ण बुडते, पिळता येते, उन्हात सारखे वाळते. शिवणीच्या घडीत मळ अडकून राहण्याची भीती नसते. हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. स्वच्छतेपुरताच प्रश्न असता, तर नीट धुतलेली पँट सोवळ्यात चालली असती. नियमाचा खरा भर कापडाच्या अखंडपणावर आहे. मागावर जसे जन्मले तसेच राहिलेले, कात्री-सुई न लागलेले कापड तो पूर्ण मानतो. वस्त्राची शुद्धी इथे त्याच्या उगमावरून ठरते.

हज यात्रेच्या इहरामात पुरुष दोन न शिवलेल्या चादरी गुंडाळतात. वरवर हा नियम सोवळ्यासारखाच दिसतो, पण इस्लामी विधिज्ञांनी त्याचा खुलासा वेगळा केला आहे. शरीराच्या आकाराप्रमाणे बेतलेले वस्त्र, म्हणजे सदरा किंवा विजार, वर्ज्य. चादरीच्या कडेला शिवण असली किंवा दोन तुकडे जोडलेले असले तर हरकत नाही. तिथे आक्षेप टाक्याला नाही. हुद्दा, ऐपत आणि प्रांत सांगणारा बेत अंगावरून उतरावा, हा हेतू आहे. बायकांना तर शिवलेलेच कपडे चालतात. सारख्या दिसणाऱ्या दोन नियमांतला हा फरक महत्त्वाचा आहे: एकात कापडाची शुद्धी जपली जाते, दुसऱ्यात माणसांची बरोबरी.

याच्या अगदी उलट दिशेला पारशांचा सदरा जातो. नवसारी हे पारशी धर्मगुरूंचे मोठे केंद्र, आणि ते बडोदे संस्थानातच होते. नवजोतीच्या, म्हणजे धर्मदीक्षेच्या, वेळी मुलाला किंवा मुलीला पांढऱ्या मलमलीचा सदरा घालतात आणि त्यावर लोकरीच्या ७२ धाग्यांची कस्ती बांधतात. सदरा शिवलेलाच असावा लागतो. त्याच्या गळ्यापाशी गिरेबान नावाचा लहानसा खिसा असतो. सत्कृत्ये त्यात साठवायची, असा त्याचा अर्थ सांगतात. म्हणजे त्या वस्त्राचे पावित्र्य शिवणीतच आहे. एकाच राजाच्या राज्यात एका घराला टाका विटाळाचा वाटत होता आणि दुसऱ्या घरात टाक्याशिवाय धर्मदीक्षा पुरी होत नव्हती.

बौद्ध भिक्षूंचे चीवर याहून पुढे जाते. विनयपिटकातल्या महावग्गात कथा आहे, की मगधातली बांधाबांधांनी आखलेली भातशेते पाहून बुद्धाने आपला शिष्य आनंद याला तशा रचनेचे चीवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदाने ते बेतून दाखवले. कापड मुद्दाम तुकड्यांत कापायचे, तुकडे जोडायचे, कडेने पट्टी लावायची. न कापलेले कापड चीवर म्हणून चालत नाही. कारण उघड आहे: कापल्यावर कापडाचा बाजारभाव उतरतो, चोराचा आणि मालकाचा दोघांचाही मोह कमी होतो. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपल्यावरच्या कठिन विधीत तर दान मिळालेले कापड कापणे, शिवणे, रंगवणे हे सगळे एका दिवसात, भिक्षूंनी मिळून करायचे असते. तिथे शिवणकाम हाच विधी आहे. हा विचार बडोद्याला परका नव्हता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांना दरमहा ५० रुपयांची वृत्ती दिली होती, आणि बौद्ध धर्मावरची त्यांची व्याख्याने याच शहरात झाली.

टाका शुद्ध की अशुद्ध, हे टाक्यात काहीच लिहिलेले नसते. मग प्रत्यक्ष टाका घालताना काय होते, ते पाहणे उपयोगाचे.

कचेरीच्या पँटची मोहरी घरी करायची, तर आधी पँट धुऊन वाळवून घ्यावी. सुती कापड आटते, आणि आधी शिवून मग धुतलेली पँट आखूड होते. ज्या बुटांवर ती घालायची तेच बूट घालून, कमरेला नेहमीच्या जागी पट्टा बांधून, ताठ उभे राहून माप घ्यावे. खाली वाकून स्वतःचे माप स्वतः घेतले की ते चुकतेच, म्हणून दुसऱ्याने टाचणी लावावी. पुढची कड बुटाला जेमतेम टेकावी आणि मागची त्याहून सुमारे एक सेंटिमीटर खाली असावी. खडूची रेघ आखून खाली चार-पाच सेंटिमीटर माया ठेवावी आणि उरलेले कापड कापावे. कापलेल्या कडेला धागे निसटू नयेत म्हणून आधी फेरशिलाई घालावी किंवा ती आत थोडी दुमडावी. मग रेघेवर घडी घालून इस्त्री फिरवावी आणि कच्चा दोरा घालावा. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या पायाची घडी आत नीट बसत नाही, चुण्या पडतात. तिथे मायेपुरती बाजूची शिवण थोडी उसवून सैल करावी. हे न करता ओढूनताणून बसवलेली मोहरी लांबूनही ओळखू येते.

खरे काम यानंतरच्या तुरपाईचे. बारीक सुई, कापडाच्या रंगाचा किंवा किंचित गडद दोरा. सुई आतल्या घडीतून न्यायची आणि बाहेरच्या कापडाचा एखाददुसराच धागा उचलून परत आत आणायची. दोरा ताणायचा नाही. ताणला तर बाहेर खळगा पडतो, फार सैल सोडला तर बुटाचे टोक अडकून टाका उसवतो. पुरता वळसा झाल्यावर कच्चा दोरा काढून, वर ओले फडके ठेवून इस्त्री दाबायची. बाहेरून काही दिसता कामा नये. मशीनची टीप पाच मिनिटांत होते, पण ती बाहेरून रेघ दाखवते. म्हणून रुबाबदार पँटला हातशिलाईच शोभते.

या कामाचा एक विशेष विचार करायला लावतो. नीट झालेली तुरपाई पाहणाऱ्याला दिसत नाही. कड सरळ पडली आहे, एवढेच दिसते. मग न दिसणाऱ्या टाक्यांवर इतके कष्ट कोणासाठी? गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वतःच्या कर्मानेच ईश्वराची पूजा होते असे सांगितले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर भाष्य करताना स्वकर्मालाच पूजेची फुले मानले. या दृष्टीने देवघराबाहेर बसून घातलेला टाकाही पूजेत मोजला जातो. पण गीतेतले ते स्वकर्म जन्माने आलेल्या वर्णाशी बांधलेले आहे, हे विसरून चालणार नाही. त्याच ठिकाणी स्वधर्म सदोष असला तरी सोडू नये असेही म्हटले आहे. कामाला पूजेची योग्यता दिली, पण कोणते काम कोणाचे, हे जन्मावर सोडले, तर शिवणाऱ्याच्या हातात फारसे काही पडत नाही.

नामदेवांनी ही गाठ अधिक मोकळी केली. ते जातीने शिंपी. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतल्या एका पदात मापाचा गज, कात्री, सुई, दोरा ही सारी हत्यारे नामस्मरणाची साधने होऊन येतात. तिथेच जातीशी आपल्याला काय करायचे, असाही सूर आहे. कर्मकांडाने ज्या सुईला बाहेर ठेवले ती सुई हातात घेऊनच हा संत देवापुढे उभा राहतो. आधी ती खाली ठेवून हात धुण्याची गरज त्याला वाटत नाही. बडोद्याच्या विठ्ठल मंदिरात कार्तिकी एकादशीला जमणाऱ्या वारकरी परंपरेच्या लोकांना हा वारसा सांगावा लागत नाही. तरीही गाभाऱ्यातल्या सोवळ्याचा नियम आणि नामदेवांची सुई यांचा हिशेब तिथे कधी समोरासमोर मांडला गेला नाही, हेही खरे.

हस्तकौशल्य जातीपासून सोडवण्याचा एक सरकारी प्रयत्न बडोद्यात झाला. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. रंगकाम, विणकाम, सुतारकाम अशा कलांचे शिक्षण तिथे वर्गात, अभ्यासक्रमाने मिळू लागले. बापाकडून मुलाकडे जाणारी कला शाळेत आली, की ती शिकणाऱ्याची होते. घरच्या घरी पँट तुरपणारा कारकून किंवा शिक्षक याच बदलाचा वारस आहे. तो शिंपी नाही, पण शिंप्याचा टाका त्याला येतो.

या प्रयत्नाची मर्यादाही याच शहराने दाखवली. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये करारानुसार नोकरीला बडोद्यात आले. हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही म्हणून ते पारशी उतारूगृहात गेले. तिथला प्रसंग त्यांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिला आहे. वरचे कपडे उतरवलेल्या अवस्थेत रखवालदाराने त्यांना पाहिले, अंगावर सदरा आणि कस्ती नाही हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने कठोर स्वरात ते कोण म्हणून विचारले. पारशी नावाने नोंद करून ते राहिले; काही दिवसांनी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शहरात कुठे थारा मिळाला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले.

या प्रसंगाने शिवणीच्या बाजूने दिलेला सोपा निर्वाळाही मोडतो. बाहेरच्या कपड्यांनी दारातून आत येऊ दिले, पण शेवटचा निवाडा आतल्या वस्त्रावर, म्हणजे जन्मावर झाला. ज्या सदऱ्याचे पावित्र्य शिवणीत आहे, तोच सदरा इथे कुळाचा दाखला म्हणून तपासला गेला. अखंड कापड असो की शिवलेले, त्याला उगमाची खूण करायचे माणसाने ठरवले की दोन्ही सारखेच निष्ठुर होतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आंबेडकरांनी जो धर्म स्वीकारला, त्याच्या भिक्षूंचे वस्त्र तुकडे जोडूनच पुरे होते.

उरतो दंभाचा आक्षेप. नीटनेटकी मोहरी ही लोकांच्या डोळ्यांसाठी केलेली सजावट, तिचा धर्माशी काय संबंध, असे विरक्त मनाला वाटू शकते. दिखाऊपणा तिथे असतो जिथे बाहेर चकचकीत आणि आत कच्चे असते. तुरपाईत हे जमत नाही. आतली माया वेडीवाकडी, टाके ताणलेले असतील, तर बाहेरची कड वळतेच. आतले काम नीट झाल्याशिवाय बाहेरची रेघ सरळ पडायला दुसरा मार्ग नाही. अशी पँट मुकट्याशेजारी टांगली तर देवघराचे काही बिघडेल, असे म्हणायला अखंडपणाच्या रूढीखेरीज आधार दिसत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या भावनेसाठी सोवळे पाळणे ही वेगळी गोष्ट, आणि ती मान देण्याजोगी आहे. पण शिवणाऱ्या हाताला त्या नियमाने कमी लेखू नये, इतके तरी नामदेवांना आपले म्हणणाऱ्या समाजाने मान्य करायला हवे.