कुलूप कीं साक्ष?

सामाईक पोथींत लेखणी चालविण्याचा अधिकार कोणास असावा, हा प्रश्न जुनाच; पण ‘विकी’ नांवाच्या साधनानें तो नव्यानें पुढें आणला आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं संगणकाच्या जाळ्यावर पहिली विकी उघडली, तेव्हां तिचें पान कोणाही वाचकानें दुरुस्त करावें अशी मोकळीक होती. २००१ सालीं निघालेला विकिपीडिया हा ज्ञानकोश त्याच विश्वासावर उभा राहिला; मराठींत तो २००३ पासून आहे.

पण अशा विश्वासाची किंमत कोण देतो? २००५ सालीं एका निनावी लेखकानें जॉन सायगेन्थेलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रांत, केनेडी बंधूंच्या खुनांत त्यांचें अंग असल्याचा संशय होता, असा धडधडीत खोटा मजकूर घातला. तो चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. दुसऱ्याची अब्रू पणास लावून दाखविलेलें औदार्य हें औदार्य नव्हे. त्याच वर्षाअखेर इंग्रजी विकिपीडियानें निनावी लेखकांस नवे लेख सुरू करण्यास बंदी केली, व निवडक पानें नवख्यांस बंद ठेवण्याची सोय काढली.

तेव्हां कुलूप हवें, हें खरें. परंतु आज कित्येक कचेऱ्यांतूनही कामाची माहिती विकींतच ठेवितात, आणि तेथें एखादा वरिष्ठ भीतीपोटीं प्रत्येक पानास कुलूप घालतो. मग नव्या कारकुनास चूक दिसते, पण ती सुधारतां येत नाहीं. विनंती करण्यास तो संकोचतो, आणि चूक कायम होते. बिघडविणाराचा हात बांधतांना सुधारणाराचाही बांधला गेला!

वस्तुतः विकी प्रत्येक फेरफाराची साक्ष ठेवते: कोणीं, कधीं, काय बदललें, आणि जुना पाठ क्षणांत परत आणतां येतो. मात्र ही साक्ष कोणीं तरी वाचली पाहिजे. सायगेन्थेलर यांच्या वेळीं नोंद होती, पाहणारा नव्हता. म्हणून माझें मत असें: जी चूक मागें घेतां येते, तेथें आधीं विश्वास व मागाहून तपासणी असावी, जेथें घाव भरून येत नाहीं, मग तो माणसाच्या अब्रूवर असो कीं औषधाच्या प्रमाणांतील चुकीचा असो, तेथें आधीं तपासणी. आणि कुलूप घालणारानें त्याचें कारण व मुदत सर्वांस दिसेल अशी लिहून ठेवावी.

कारण किल्ली ज्याच्या हातीं, तोही चुकतोच. त्याची चूक सुधारावयास मात्र कोणी उरत नाहीं.