‘माझंच काहीतरी चुकलं असेल’

कॉम्प्युटर अडला की माणसं वैतागतात, कंपनीला शिव्या घालतात, मशीनला चापट मारतात. हे सगळं मला चालतं. मला ऐकवत नाही ते एकच वाक्य : ‘माझंच काहीतरी चुकलं असेल.’ मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझ्या धंद्याची बरीचशी अब्रू याच वाक्यानं झाकून ठेवली आहे, असं मला अलीकडे वाटायला लागलंय.

एक अगदी साधा बिघाड घेऊ. डेस्कटॉपवरचं चॅटचं ॲप उघडत नाही. आयकॉनवर क्लिक केलं, गोल चक्र दोन सेकंद फिरलं आणि थांबलं. विंडो नाही, मेसेज नाही, काहीच नाही. माझ्यासारख्याला याचा फार तर कंटाळा येतो. पण कर्जत स्टेशनजवळची किंवा खोपोलीच्या बाजारातली झेरॉक्सची दुकानं आठवा. लोक आधार, मार्कशीट, सातबारा फोनमध्ये घेऊन येतात, दुकानाच्या नंबरवर पाठवतात आणि दुकानदार ते कॉम्प्युटरवर उघडून प्रिंट काढतात. तिथे हे ॲप म्हणजे दुकानाचं शटर आहे. ते उघडलं नाही तर दुकान बंद.

गेल्या जूनमध्ये, ॲडमिशनच्या गर्दीत, कर्जतमधल्या अशाच एका दुकानात मी रांगेत उभा होतो. दुकानातल्या ताई म्हणाल्या, ‘काल अपडेट करा असं येत होतं, मी ते बंद केलं. त्यानंच झालं असणार.’ पुढच्या मुलाला वाटलं, आपली पीडीएफ फार मोठी होती म्हणून अडकलं. त्याच्या मागचे काका म्हणाले, ‘मी घाईत दोनदा पाठवलं, मीच घोळ केला.’ पाच मिनिटांत तीन जणांनी गुन्हा कबूल केला आणि मुळात गुन्हा काय घडलाय, हे एकालाही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, ‘ताई, मी बघू का?’ आधी तेच चॅट ब्राउजरमध्ये उघडून दिलं. त्यामुळे रांग हलली आणि अकाउंट आणि नेट दोन्ही ठीक आहेत, हेही कळलं. मग टास्क मॅनेजर उघडला. ॲप न दिसता मागे चालूच होतं. अशी बरीच ॲप्स एका वेळी आपली एकच प्रत चालू देतात. पहिली अडकून बसली की तुम्ही कितीही क्लिक करा, नवी प्रत जुनीकडे काम सोपवून गुपचूप निघून जाते. ती अडकलेली प्रत बंद केली, तरी ॲप उघडेना. शेवटी लॉगची फाइल शोधली. शेवटची धड नोंद आदल्या संध्याकाळी लाइट गेली त्या वेळची होती. त्यानंतर प्रत्येक क्लिकला एकच ओळ : साठवणीची फाइल खराब आहे, वाचता येत नाही. मी तो फोल्डर उडवला नाही, फक्त त्याचं नाव बदललं. ॲपनं नवा फोल्डर तयार केला, ताईंनी फोनवरून कोड स्कॅन केला आणि ॲप सुरू झालं.

म्हणजे मशीनला कारण ठाऊक होतं. त्यानं ते तारीख, तास, मिनिट, सेकंदासकट लिहून ठेवलं होतं. फक्त ते ताईंना सांगितलं नव्हतं. ते पाच फोल्डर आत, इंग्रजीत, माझ्यासारख्या कोणीतरी येऊन वाचावं म्हणून लिहिलेलं होतं. ज्याचं काम अडलंय त्याच्यासमोर गप्प बसायचं आणि ज्याचं काहीच अडलेलं नाही त्याच्यासाठी सविस्तर नोंद ठेवायची, हे न्याय्य आहे का?

आमच्या धंद्यात याची उत्तरं तयार असतात. लोक तांत्रिक मेसेज वाचून घाबरतात. जास्त तपशील दिला तर हल्लेखोरांना आयती माहिती मिळते. एवढं कोण वाचतं? यातली दुसरी सबब काही ठिकाणी खरी आहे, विशेषतः लॉगिनच्या बाबतीत. पण ‘तुमच्या कॉम्प्युटरवरची एक फाइल खराब झाली आहे, तुमचे मेसेज फोनमध्ये सुरक्षित आहेत’ एवढं सांगून कुठला हल्लेखोर मोठा होणार आहे? आणि लोक घाबरतात म्हणाल, तर ते गप्प बसण्यानं जास्त घाबरतात. आमच्या कर्जत लाइनवरचंच बघा. २६ जुलै २०१९ च्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली. आत हजाराच्या वर माणसं होती. रेल्वे प्रवाशांना सांगत होती की गाडीतून उतरू नका, गाडीतच सुरक्षित आहात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढलं. पाणी थांबवणं कोणाच्याच हातात नव्हतं. पण उतरायचं की नाही, हा निर्णय अंधारातल्या अंदाजावर सोडला नव्हता. बिघाडाच्या वेळी जे सांगायचं असतं ते बहुतेक वेळा एवढंच असतं : काय झालंय, तुमचं जे आहे ते सुरक्षित आहे का, आणि आत्ता काय करू नये. ताईंनी भीतीपोटी दिसेल ते डिलीट करायला घेतलं असतं, तर खरं नुकसान तेव्हा झालं असतं.

आता याच गप्प बसण्याची मोठी रूपं बघा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडली. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. कंपनीनं नंतर सांगितलं की देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे डेटा सेंटरांना जोडणारं त्यांचं जाळंच तुटलं. त्या रात्री किती घरांत लोकांनी फोन बंद-चालू केला असेल, नेटपॅक तपासला असेल, मुलांना ‘तूच काहीतरी दाबलंस’ म्हटलं असेल! त्यात गेली फक्त एक संध्याकाळ.

ब्रिटनमध्ये माणसं गेली. तिथल्या टपाल खात्यानं १९९९ पासून छोट्या दुकानवजा पोस्टांत होरायझन नावाची संगणकप्रणाली बसवली. ती हिशेबात नसलेली तूट दाखवायची. पोस्ट चालवणाऱ्यांनी तक्रार केली, तर अनेकांना सांगितलं गेलं की असं फक्त तुमच्याकडेच होतंय. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोट्या हिशेबासाठी दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींचं दिवाळं निघालं, काहींनी जीव दिला. अनेकांनी घरचे पैसे घालून ती तूट भरली होती. प्रणालीत दोष होते, हे कोर्टानं २०१९ मध्ये मान्य केलं आणि २०२४ मध्ये कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ हे वाक्य एका बाजूला सवयीचं झालं आणि दुसऱ्या बाजूला सोयीचं ठरलं, की ते इथपर्यंत पोचतं.

ब्रिटन लांब आहे म्हणाल, तर रेशनच्या दुकानात चला. ई-पॉस मशीनवर अंगठा लावायचा, मग धान्य. कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांतून माणसं वीटभट्ट्यांवर, कोळसा भट्ट्यांवर कामाला जातात. माती-विटांनी झिजलेल्या बोटांचा ठसा मशीनला नीट वाचता येत नाही. आणि आपण सगळे काय म्हणतो? ‘हिचा अंगठा उठत नाही.’ या वाक्याचा कर्ता बघा. चूक अंगठ्याची. मशीनला वाचता येत नाही, असं कोणी म्हणत नाही. ती बाईसुद्धा अंगठा पदराला पुसते आणि पुन्हा लावते.

सगळा दोष नेहमी बनवणाऱ्याचाच असतो, असं माझं म्हणणं नाही. डिस्क गच्च भरलेली असते, महिनोन्‌महिने अपडेट टाळलेलं असतं. पण तेही लॉगमध्येच लिहिलेलं असतं. म्हणून माझा नियम साधा आहे : नोंद ज्याच्याकडे, आधी बोलायची जबाबदारी त्याची. ज्याला काहीच दिसत नाही त्यानं आपली निर्दोषता सिद्ध करायची नसते. हे ॲप बनवणाऱ्या कंपनीला लागू आहे, सरकारी यंत्रणेला लागू आहे आणि घरात ‘कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या’ तुम्हा-आम्हालाही लागू आहे. आईचं ॲप उघडलं नाही की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘तू काय केलंस?’ त्याऐवजी ‘तुला काय दिसतंय?’ असं विचारून बघा. बिघाड लवकर सापडतो, कारण आरोपी म्हणून उभं केलेल्या माणसाला नीट काही आठवत नाही. आणि बिघाड नाही सापडला, तरी त्या संध्याकाळी एक माणूस विनाकारण खजील झालेला नसतो.