पाणी घालण्याचा मोह

आपल्याकडे पाणी घालणे हे पुण्यकर्मांत मोडते. तुळशीला पाणी, पिंपळाच्या मुळाशी पाणी, पिंडीवर अभिषेकपात्राची संततधार, उन्हाळ्यात रस्त्याकडेची पाणपोई. जिथे पाणी पडले तिथे कोणाचे तरी भले झाले, असे आपण लहानपणापासून गृहीत धरून चालतो. नोकरीनिमित्त मुलूख सोडून हिंडणाऱ्या आपल्या मंडळींच्या सामानात पोळपाट-लाटण्याच्या खालोखाल काही हमखास निघत असेल, तर ते पत्र्याच्या डब्यातले तुळशीचे रोप. सरकारी निवासस्थानाच्या ओसरीवर ते मांडावे, सकाळी त्यावर तांब्याभर पाणी ओतावे, की परका गाव निम्मा आपला होतो. त्यामुळे पाणी घालणे हा कधी अपराधही असू शकेल, अशी शंका पन्नाशी उलटेपर्यंत मला शिवली नव्हती. ती आली एका फुलझाडामुळे, आणि मग मात्र तिने माझा पिच्छा सोडला नाही.

२०११ साली माझी बदली शिलाँगला झाली. पहिल्याच हिवाळ्यात एक कंत्राटदार वेताच्या टोपलीत शेवाळात गुंडाळलेला एक दांडगा झुपका घेऊन घरी आला. हात-हातभर लांब, पट्ट्यासारखी हिरवी पाने आणि त्यांतून वर आलेली तीन फुले. फूल कसले, लाखेचा रोगण दिलेली सपाताच ती! वरची पाकळी हिरवट पिवळी, तपकिरी ठिपक्यांची, पांढऱ्या काठाची. खाली पिवळसर तपकिरी रंगाची फुगीर थैली. शास्त्रज्ञांनी या कुळाला पॅफिओपेडिलम असे नाव दिले आहे. पॅफॉसच्या देवतेची पादुका, असा त्याचा अर्थ. आमच्या झुपक्याची जात इन्सिग्ने. ती खासी टेकड्यांतलीच. मिठाईचा पुडा आला असता तर मी परत केला असता. त्या बाबतीत मी कडक आहे, निदान तशी माझी समजूत होती. पण झाड ते काय परत करायचे?

ती फुले दोन महिने टिकली. पुढे मी झुपक्याचे दोन भाग केले. एक माझ्या अभ्यासिकेच्या पूर्वेकडील खिडकीत ठेवला, दुसरा पत्नीने स्वयंपाकघराच्या खिडकीत नेला.

माझ्या कुंडीची मी जी निगा राखली, ती आठवून आज मला संकोच वाटतो. रोज सकाळी स्नान झाले की तिला पाणी. दौऱ्यावर निघताना शिपायाला बजावून सांगत असे की, एक दिवसही चुकता कामा नये. चार महिन्यांनी पाने मलूल झाली, त्यांना सुरकुत्या पडल्या. झाड तहानले आहे असे समजून मी सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केले. पाने अधिकच लोळली. अखेर मध्यभागचा कोंब हाताला लागताच अलगद निघून आला. कुंडी पालथी केली तेव्हा मुळांच्या जागी काळा, कुजका लगदा होता.

येथेच या प्रश्नाची खरी मेख आहे. मुळे कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून भिजलेल्या कुंडीतले झाड वरून तहानल्यासारखेच दिसते. अतिरेकाचे लक्षण आणि अभावाचे लक्षण एकच! पाहणारा दयाळू असेल तर तो पुन्हा पाणीच घालणार, आणि जितका अधिक दयाळू, तितका अधिक लवकर ते झाड मारणार.

कोणी म्हणेल, चेरापुंजीजवळच्या झाडाला पाण्याचे भय कसले? वर्षाकाठी सुमारे ११,००० मिलिमीटर पाऊस तिथे पडतो. पण तिथे ही झाडे उतारावर, खडकांच्या आधाराने, पाल्यापाचोळ्याच्या सैल थरात मुळे पसरून राहतात. पाऊस येतो आणि वाहून जातो. मुळांना पाण्याबरोबर वाराही मिळतो. कुंडीत पाणी येते आणि बसून राहते. या कुळातल्या झाडांना इतर पुष्कळ ऑर्किडांसारखा पाणी साठवणारा फुगीर कंद नसतो, म्हणून ती पार कोरडी पडूनही चालत नाही. भरड साल, कोळसा, विटांचे तुकडे अशा पोकळ भरणात ती लावावीत. पाणी सकाळी द्यावे, भरपूर द्यावे आणि ते तळातून निथळून जाऊ द्यावे. पानांच्या बेचक्यात थेंब राहू देऊ नये. साल कुजून तिचा गाळ होण्यापूर्वी, म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी, भरण बदलावे. हे सारे मी नंतर शिकलो. पत्नीने ते कुठेही वाचले नव्हते. तिची कुंडी उत्तम वाढत होती. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “अहो, मी फक्त कुंडी उचलून बघते. जड असली की पुन्हा ठेवते.”

मग मी रोज पाणी कोणासाठी घालत होतो? झाडासाठी, असे उत्तर मी तेव्हा दिले असते आणि ते खोटे ठरले असते. स्नानानंतर ते एक काम झाले की दिवसाचा आरंभ शुचिर्भूत झाल्यासारखा वाटे. दौऱ्यावर असताना घरी आपल्यावाचून काही अडते आहे, ही भावना सुखद होती. झाड हे निमित्त होते. दफ्तरात “कार्यवाही केली” असा शेरा मारून नस्ती पुढे सरकवली की आपण सुटलो असे आपल्याला वाटते. ज्याच्यासाठी कार्यवाही केली त्याचे काय झाले, हे त्या शेऱ्यात कुठेच नसते. माझ्या पाण्याची जात तीच.

येथे गीतेचा आधार घेण्याची आपली जुनी खोड आहे. फळावर आपला अधिकार नाही. मी सद्‌हेतूने कर्म केले, झाड मेले ते त्याचे प्रारब्ध. परंतु मला वाटते, निष्काम कर्माच्या सिद्धान्ताचा हा फार सोयीस्कर अर्थ आहे. फळाचा लोभ नसणे वेगळे आणि फळाकडे लक्षच नसणे वेगळे. किंबहुना मी केले ते निष्काम नव्हतेच. मला समाधानाचे फळ रोज सकाळी तांब्यासरशी मिळत होते, मग झाडाचे काहीही होवो. पत्नी कुंडी उचलून पाहत होती आणि पुष्कळ दिवस काहीच करत नव्हती. कर्मात अकर्म असते असे म्हणतात. पण अकर्मात एवढी सेवा असते हे मला त्या स्वयंपाकघरात कळले.

इतकेच असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. २०१३ च्या उन्हाळ्यात वनखात्यातील एक स्नेही घरी चहाला आले. खिडकीतले झाड पाहून ते क्षणभर गप्प झाले. मग संकोचाने त्यांनी सांगितले की, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन ज्या मोजक्या रानवनस्पतींना संरक्षण मिळाले, त्यांत हे सबंध कुळ आहे. रानातून ते उपटणे गुन्हा आहे, बाळगणेही. कायदा राबविणाऱ्या यंत्रणेतलाच मी, आणि माझ्या स्वयंपाकघरात चोरीचा माल होता.

मी स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केले. रानात ते कोणी तरी नेलेच असते. माझ्याकडे ते निदान जिवंत आहे (अर्धे, हे मी सोयीने विसरत होतो). एवढी निगा राखल्यावर ते माझे नाही का? पण हे युक्तिवाद नवे नाहीत. याच कुळातले फेअरिएनम हे झाड आसामकडून विलायतेस जाऊन १८५७ साली तिथे फुलले आणि पुढे बागांतून नाहीसे झाले. ते पुन्हा शोधून देणाऱ्यास एका व्यापारी पेढीने १,००० पौंडांचे इनाम लावले होते. १९०५ च्या सुमारास भूतानच्या बाजूस ते सापडले आणि लगोलग मोठ्या संख्येने बाहेर जाऊ लागले. त्या इनामामागे, त्या काचगृहांमागे झाडावरचे प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? प्रेम होतेच, तेच तर त्या रोपांना नडले. निगा राखल्याने मालकी सिद्ध होत नाही, हे दत्तक मुलाच्या बाबतीत नसेल, पण पळवून आणलेल्या मुलाच्या बाबतीत आपल्याला चटकन पटते.

ते झाड मी अखेर तिथल्या एका सरकारी वनस्पतिउद्यानाच्या स्वाधीन केले. परंतु केव्हा? कळल्यानंतर चौदा महिन्यांनी, बदलीचा हुकूम हाती पडल्यावर. दिल्लीच्या उन्हाळ्यात ते जगणार नव्हते आणि सामानाच्या ट्रकमध्ये त्याला जागा नव्हती. बदली झाली नसती तर दिले असते का? पत्नीने हा प्रश्न मला एकदाच विचारला. मी वर्तमानपत्र उघडले.

आपल्या मंडळींत स्वतःला ऑर्किडाची उपमा देण्याची हौस आहे: परक्या झाडावर वस्ती, मुळे हवेत. कोणी चिडून बांडगूळही म्हणतात. ते चूक आहे, कारण बांडगूळ यजमानाचा रस शोषते, ऑर्किड फक्त टेकण्यापुरती फांदी घेते. मला मात्र यातले काहीच लागू पडत नाही. शिलाँगला मी त्या वेताच्या टोपलीकडचा माणूस होतो.

२०२१ साली एका परवानाधारक रोपवाटिकेतून, कागदपत्रांसह, एक लहान रोप विकत घेतले. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर वाढणाऱ्या रॉथ्सचाइल्डिएनम या जातीचा संकर आहे. या मूळ जातीची पाने दोन फुटांपर्यंत जातात, आणि बीपासून फूल यायला दहा-दहा वर्षे लागू शकतात. या कुळाचे बी धुळीइतके बारीक, स्वतःचा शिधा नसलेले; रानात विशिष्ट बुरशीच्या आश्रयावाचून ते रुजत नाही, म्हणून रोपवाटिकेत ते काचेच्या बाटलीत पोषकद्रव्यावर रुजवतात. इतर पुष्कळ ऑर्किडांसारखी यांची ऊतींपासून हुबेहूब नक्कल काढणे सहसा साधत नाही, म्हणून प्रत्येक रोप निराळे. ते फुलेल तेव्हा मी या सरकारी घरात नसेन. कदाचित पुढचा अधिकारी ते पाहील, कदाचित पहिल्याच आठवड्यात रोज पाणी घालून मारील. दिल्लीचे नळाचे पाणी क्षारांचे, म्हणून पावसाचे पाणी पिंपात साठवतो आणि पुरवून वापरतो.

आज सकाळी स्नान झाल्यावर नेहमीप्रमाणे तांब्या भरून नेला. कुंडी उचलली. जड होती. तांब्यातले पाणी तुळशीला घातले.