मत देण्याआधी पौलाची यादी

नगर जिल्ह्यात निवडणूक साखर कारखान्याची असो, सोसायटीची असो की मंडळीची, पॅनेल पडतेच. वार्षिक सभा महिन्यावर आली की उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात माणसे घोळक्याने उभी राहतात आणि आवाज खाली येतात. कोण कोणाचा मेहुणा, कोणत्या आळीत किती मते, मागच्या खेपेला कोण कोणाला आडवे गेले, याची बेरीज सुरू होते. कमिटीवर जायला निघालेल्या माणसाला एवढे मात्र कोणी विचारत नाही की, बाबा, घरात तुझा आवाज कसा असतो? उधारी वेळेवर फेडतोस का?

पौल नेमके हेच विचारतो.

मी बँकेत कारकुनी करून निवृत्त झाले आणि सध्या आमच्या मंडळीची खजिनदार आहे. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. पण सगळी नोकरी खातेवह्यांत गेली, त्यामुळे यादी समोर आली की आधी तिची खाती पाडायची, ही सवय लागली आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीचा अध्यक्ष कसा असावा याची यादी आहे. ही पत्रे स्वतः पौलाची की त्याच्या शिष्यांची, यावर अभ्यासकांत वाद आहे. मी परंपरेप्रमाणे पौलाचेच नाव घेते. यादीत पंधराएक नोंदी आहेत. त्यांतली कौशल्याची नोंद एकच: त्याला शिकवता यावे. बाकीच्या सगळ्या स्वभावाच्या, घरच्या, पैशाच्या आणि शेजाराच्या. तो संयमी असावा, दारूच्या आहारी गेलेला नसावा, हात उगारणारा नसावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, दारी आलेल्याला घरात घेणारा असावा. प्रार्थना किती लांबलचक करतो, आवाज किती भारदस्त, पदवी कोणती, परदेशात ओळखी किती, घराणे मिशनच्या काळापासूनचे आहे का, यांपैकी एकही नोंद तिथे नाही. आमच्याकडे मते मात्र बहुतेक याच गोष्टींवर पडतात.

घरापासून सुरुवात करू. ज्याला स्वतःचे घर नीट सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार, हा पौलाचा साधा तर्क आहे. आपण मात्र तो भलतीकडे नेतो. पाळकाचा मुलगा दहावीला नापास झाला किंवा मुलीने आपल्या मनाने लग्न केले की हेच वचन त्या बिचाऱ्याच्या तोंडावर मारले जाते. शास्त्र इतके उथळ नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला एली याजक पाहा. त्याची मुले अर्पणाचे मांस लाटत होती, निवासमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करत होती. देवाने एलीला दोष दिला तो मुले बिघडली म्हणून नव्हे. सगळे ठाऊक असून त्याने त्यांना आवरले नाही, म्हणून. तेव्हा पुढाऱ्याचे घर पाहायचे म्हणजे मुलांचे मार्क पाहायचे नाहीत. चूक घरातल्या माणसाची असली की हा काय करतो, तेवढे पाहायचे.

घरची साक्ष कशी असते हे पाहायला मराठी माणसाने फार लांब जायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात वर्षानुवर्षे राहिले. त्यांच्याबद्दल सर्वांत मोकळी साक्ष दिली ती त्यांच्या पत्नीने. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचा भडकणारा राग आहे, न सांगता घर सोडून जाणे आहे, घरात दाणा नसताना हातातले दुसऱ्याला देऊन टाकणे आहे. आणि तरीही पुस्तक मिटताना या माणसाबद्दलचा आदर वाढलेला असतो, कारण रागावलेला माणूस पुन्हा नमतोही, आणि लोकांना जे सांगतो त्याची झळ आधी स्वतः सोसतो, हे बाई तितक्याच मोकळेपणी सांगतात. माझ्या मते प्रत्येक उमेदवाराच्या घरात अशी एक लक्ष्मीबाई असते. तिला कोणी विचारत नाही, एवढेच.

याच यादीतला ‘एका स्त्रीचा पती’ हा शब्दप्रयोग दाखवून काही जण बायकांना कमिटीबाहेर ठेवू पाहतात. त्यांनी रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय उघडावा. किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस पौलाने तिथे स्वतः केली आहे. आणि केडगावला जाऊन यावे. १८९६च्या सुमाराला पडलेल्या दुष्काळातल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी तिथे छप्पर दिले आणि १९२२ साली देह ठेवीपर्यंत मुक्ती मिशनचा तो पसारा सांभाळला. पाहुणचार, शिकवणे, घर चालवणे या पौलाच्या कसोट्यांना त्या उतरत नसतील तर मग कोण उतरेल?

आता पैसा. इथे माझा अधिकार थोडा जास्त आहे. रविवारचे अर्पण दोघांनी मिळून मोजायचे, दोघांनी रजिस्टरवर सह्या करायच्या आणि सोमवारी रक्कम बँकेत भरायची, हा आमचा नियम. कापणीच्या सणाला तर हिशेबाची अधिकच गंमत होते. बाजरीची पायली, कोंबडा, भोपळा असे सगळे लिलावात निघते. एकाने चढ्या भावाने घेतलेला भोपळा तो पुन्हा अर्पण करतो आणि तोच भोपळा दुसऱ्यांदा विकला जातो. बोली लागते, पैसे मात्र पुढच्या रविवारी येतात, कधी येतही नाहीत. अशा वेळी कागद नसेल तर भांडण ठरलेले. तरीही नव्याने निवडून आलेले एक तरुण सदस्य मला म्हणाले, “मावशी, देवाच्या घरात एवढा अविश्वास?”

मी त्यांना करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचायला दिला. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल ठिकठिकाणच्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करत होता. ती रक्कम तो एकट्याने हाताळत नाही. तीताबरोबर आणखी दोघा बंधूंना पाठवतो आणि त्यांतल्या एकाला तर मंडळ्यांनीच निवडलेले आहे. कारणही तो उघड सांगतो: एवढ्या मोठ्या देणगीवरून कोणी बोट दाखवू नये, आणि व्यवहार देवाच्या नजरेला चोख असून भागत नाही, तो माणसांच्या नजरेलाही चोख दिसावा. प्रेषिताला जे अपमानाचे वाटले नाही ते कमिटी मेंबरला का वाटावे? शमुवेल तर म्हातारपणी सगळ्या इस्राएलापुढे उभा राहिला आणि त्याने स्वतःच विचारले की, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच खाल्ली, ते आत्ताच सांगा. आपल्या कारभाराचे ऑडिट त्याने स्वतः मागितले. आमच्याकडे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वेळेवर हिशेब जावा आणि विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल व्हावा, एवढ्यासाठीही मागे लागावे लागते. मिशनच्या जमिनी, बंगले, शाळा यांवरून मंडळ्यांमंडळ्यांत जे दावे चालतात, त्यांची मुळे बहुतेक वेळा अशा न लिहिलेल्या कागदांत असतात.

पैसे कमी भरले की आणखी एक वचन हमखास बाहेर येते: क्षमा करा. क्षमा करायचीच, सत्तर वेळा सात वेळा करायची. पण यरीहोचा जक्कय आठवा. प्रभू त्याच्या घरी गेला तेव्हा जकातदारांच्या त्या मुकादमाने डोळे पुसून विषय संपवला नाही. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करीन आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, असे त्याने तिथेच उभे राहून जाहीर केले. क्षमा मागणाऱ्याने आधी जक्कयसारखा आकडा सांगावा. मग मंडळी त्याला गळ्याशी धरील.

बाहेरच्या लोकांत त्याचे नाव चांगले असावे, ही यादीतली नोंद आपण सर्वांत जास्त विसरतो. बाहेरचे म्हणजे मंडळीत नसलेले लोक: किराणा दुकानदार, ऑफिसातले सहकारी, शेतावरचा सालगडी, भिंतीपलीकडचा शेजारी. त्यांना आपल्या गटाशी देणेघेणे नसते, म्हणून त्यांची साक्ष खरी. आणि ‘आपल्याकडची माणसेच अशी’ ही पळवाटही शास्त्राने ठेवलेली नाही. क्रेतचे लोक खोटारडे आणि खादाड, असे त्यांच्याच एका कवीचे मत तीताच्या पत्रात नोंदवले आहे. तरी त्याच क्रेतमध्ये, गावोगाव, निर्दोष वडील नेमण्याचे काम तीताकडे आहे. गाव वाईट म्हणून कसोटी सैल झाली नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढी यादी लावली तर खुर्च्या रिकाम्या राहतील. नाही राहणार. निर्दोष म्हणजे कधी न चुकलेला असे असते, तर पेत्र पहिल्याच फेरीत बाद झाला असता. प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या त्याच पेत्राला प्रभूने आपली मेंढरे चारायला सांगितले. पुढे अंत्युखियात विदेशी बंधूंच्या पंगतीतून तो अंग काढू लागला, तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावले. आणि नंतर पेत्राच्या नावाचे पत्र मंडळीच्या वडिलांना उद्देशून काय सांगते? तो स्वतःला त्यांच्याबरोबरचा एक वडील म्हणवतो. कळपावर सत्ता गाजवू नका, पैशासाठी सेवा करू नका, कित्ता बना, असे विनवतो. ज्याला सुनावता येते आणि जो ऐकून घेतो तो चालेल. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस चालणार नाही. त्याला पहिला मान हवा असतो, आलेल्या बंधूंना तो दारात घेत नाही आणि घेणाऱ्यांना मंडळीबाहेर काढतो. दियत्रफेस प्रत्येक तालुक्यात सापडतो.

पण नुसती पुढाऱ्यांची झाडाझडती घेऊन आपण सुटत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या त्याच पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दोन्ही बाजूंची कलमे आहेत. वडिलांवरचा आरोप दोघातिघा साक्षीदारांशिवाय ऐकायचाच नाही. तो खरा ठरला तर मात्र सर्वांसमोर दोष दाखवायचा. आम्ही उलटे करतो. कुजबूज साक्षीदारांशिवाय वर्षभर चालते, आणि गुन्हा सिद्ध झाला की मंडळीची अब्रू म्हणून तो झाकतो. तिथेच मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, या जुन्या नियमाची आठवण देऊन पौल पाळकाच्या पोटाचा प्रश्न काढतो. पाळकसाहेबांचा पगार तीन तीन महिने तुंबवणाऱ्या मंडळीने त्यांच्याकडून निर्लोभतेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? नगरकडच्या मंडळ्या मुळात काँग्रिगेशनल वळणाच्या. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, पण सभासदांनी हात वर करून ठरवायचे हे आमच्या अंगात मुरलेले आहे. हक्क आमचा, म्हणून जबाबदारीही आमची. निवडलेला माणूस वाईट निघाला तर निवडणारे कोण होते?

शिवाय ही यादी नीट वाचली तर तिच्यात पुढाऱ्यासाठी असे वेगळे फारसे काही नाही. दारू, राग, लोभ, जीभ, घर, पाहुणा. तीताच्या दुसऱ्या अध्यायात हेच म्हाताऱ्यांना सांगितले आहे, म्हाताऱ्या बायकांना सांगितले आहे (चहाडी करू नका, हे आमच्या वयाला मुद्दाम), तरुणांना आणि तरुणींनाही. शिकवण्याचे दान सगळ्यांना नसेल, पण बाकीच्या नोंदी प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या माणसाच्या खात्यावर आहेत. पौल तीमथ्याला सुभक्तीची कसरत करायला सांगतो. तालमीतला पोरगा रोज जोर काढतो, कुस्तीच्या दिवशी एकदम नाही, तसेच हे. रात्री भांडण मिटवून झोपणे, कामवालीचा पगार एक तारखेला देणे, मृताच्या घरी भावबंदकी विसरून जाणे, ऐकलेली निंदा आपल्यापाशी थांबवणे. असे रोज जोर काढणाऱ्या मंडळीत पुढारी शोधावे लागत नाहीत, ते दिसत असतात.

तेव्हा या वर्षीच्या सभेआधी माझी वाचकांना एक विनंती आहे. तो तिसरा अध्याय कागदावर उतरवून घ्या. एकेका नोंदीपुढे आधी स्वतःचे नाव लिहून पाहा आणि मग उमेदवाराचे. त्याच्या बायकोला विचारा, दुकानदाराला विचारा, शेजाऱ्याला विचारा. तिघांनी होकार दिला तर तो दुसऱ्या पॅनेलचा असला तरी त्यालाच मत द्या.