तोट्याचे धनी

लोकोपयोगी बांधकामे सरकारने अंगावर घ्यावीत की खासगी भांडवलावर सोपवावीत, हा वाद आपल्या देशात पावणेदोनशे वर्षे अव्याहत चालू असून प्रत्येक पिढीने तो आपणच प्रथम मांडीत आहोत अशा आवेशाने मांडला आहे. एक पक्ष उद्योजकाच्या काटकसरीवर व साहसावर भिस्त ठेवतो, दुसरा सरकारच्या दूरदृष्टीवर व लोकहितबुद्धीवर. आणि या दोन पृथक् सत्तांपैकी एकीची निवड केली म्हणजे निर्णय झाला, असे दोघेही गृहीत धरून चालतात. मुंबई इलाख्याचा आणि पुढे महाराष्ट्राचा इतिहास जो कोणी नीट चाळील त्याला मात्र असे दिसेल, की येथे उभे राहिलेले मोठे काम या दोहोंपैकी एकट्याच्या हातून क्वचितच पार पडले आहे. भांडवल कोणाचे, हा प्रश्न त्या त्या वेळी मोठ्या आवाजात विचारला गेला. अंदाज चुकला तर त्या चुकीची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न मात्र करारनाम्यांच्या कलमांत दडून राहिला आणि तो उघड्यावर यायला फार काळ लागला. आपल्या सार्वजनिक अर्थविचाराची प्रगती मोजायची तर ती, माझ्या मते, या दुसऱ्या प्रश्नाच्या इतिहासावरून मोजली पाहिजे.

आरंभ अर्थातच लोहमार्गापासून करावा लागतो. नाना शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या मुंबईच्या धुरीणांनी 1840 नंतरच्या दशकात आगगाडीचा ध्यास घेतला, विलायतेतील भांडवलदारांनी ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी. आय. पी.) रेल्वे ही कंपनी काढली, आणि 1849 साली ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तिच्या चार वर्षे आधीचा तो करार मात्र सहसा कोणी वाचीत नाही, आणि परिणामांच्या दृष्टीने पाहता गाडीपेक्षा करारच अधिक युगप्रवर्तक ठरला. जमीन सरकारने नव्व्याण्णव वर्षांसाठी विनामूल्य द्यायची. कंपनीच्या भांडवलावर दरसाल दरशेकडा पाच व्याजाची हमी सरकारने घ्यायची. उत्पन्न त्याहून कमी आले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची. आणि एवढे करूनही धंदा नकोसा वाटला तर सहा महिन्यांची पूर्वसूचना देऊन लोहमार्ग सरकारच्या हवाली करण्याचा व घातलेले भांडवल परत मागण्याचा हक्क कंपनीला राखून ठेवायचा, असा त्या व्यवस्थेचा सांगाडा होता. लॉर्ड डलहौसीने 1853 च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात कंपन्यांकरवी लोहमार्ग बांधण्याचा जो पुरस्कार केला, त्यामागे या देशातील लोकांनी प्रत्येक गोष्टीसाठी सरकारच्या तोंडाकडे पाहण्याची सवय सोडावी व त्यांच्यात उद्यमशीलता वाढावी, अशी त्याची प्रामाणिक धारणा होती. परंतु ज्या भागधारकाचे व्याज रयतेच्या शेतसाऱ्यातून आधीच निश्चित झाले आहे, त्याने काटकसरीची काळजी का करावी आणि साहसाच्या वाटेला तरी का जावे?

साहस ज्यांनी केले ते घाटात होते. खंडाळ्याचा बोरघाट 1856 पासून 1863 पर्यंत फोडला जात होता. जेम्स बर्कले या अभियंत्याने आखलेल्या त्या मार्गावर पंचवीस बोगदे खोदावे लागले, आणि चढ इतका खडा, की गाडीची दिशा उलटविण्यासाठी मध्येच एक स्थानक ठेवावे लागले. काम ऐन भरात असताना तेथे चाळीस हजारांच्या आसपास मजूर राबत होते, आणि पटकीच्या व तापाच्या साथींनी त्यांच्यात मोठा संहार केला. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा मक्तेदार 1859 साली हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत आजाराने वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने मक्ता न सोडता ते काम तडीस नेले. या माणसांच्या जिवाला कसलीही हमी नव्हती. आजही घाट चढताना बोगद्यांचा काळोख एकामागून एक अंगावर येतो तेव्हा मला त्या मजुरांची आठवण होते, आणि या वादात त्यांचा पक्ष मांडणारा कोणीच नव्हता याचे वाईट वाटते.

हमीच्या पद्धतीतील दोष राज्यकर्त्यांच्याही ध्यानात आला. मैलामागे आठ हजार पौंडांचा डलहौसीचा अंदाज प्रत्यक्षात दुपटीहून अधिक होऊन बसला, आणि 1869 च्या सुमारास व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स याने स्पष्टच तक्रार केली, की होईल तो नफा कंपन्यांचा आणि होईल तो तोटा सरकारचा अशी ही वाटणी आहे. मग काही वर्षे सरकारने स्वतः लोहमार्ग बांधले. 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर लोहमार्गांची निकड वाढली, तिजोरी अपुरी पडली, आणि कंपन्या पुन्हा आल्या, या खेपेस कमी दराच्या हमीवर. 1900 साली सरकारने जी. आय. पी. रेल्वे विकत घेतली, तरी तिचा कारभार 1925 पर्यंत कंपनीच्याच हाती राहिला.

या सर्व काळात पुण्यामुंबईच्या विचारवंतांनी जी भूमिका घेतली ती आज फार सोपी करून सांगितली जाते. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, उद्योगधंद्यांपासून सरकारने अलिप्त राहावे हा विलायती अर्थशास्त्राचा सिद्धान्त हिंदुस्थानच्या परिस्थितीला लागू पडत नाही, असे साधार प्रतिपादन केले. परकीय भांडवलाला जे सरकार व्याजाची हमी देते, त्याने देशी कारखानदारीच्या बाबतीत तेवढे तटस्थतेचे सोवळे पाळावे, हा पक्षपात त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनाला सलत होता. म्हणजे त्यांचा आक्षेप सरकारच्या हस्तक्षेपाला नव्हता; हस्तक्षेपाचा भार एकाने वाहावा आणि फळ दुसऱ्याने घ्यावे, या व्यवस्थेला होता.

जमशेटजी टाटांच्या योजना पुढे प्रत्यक्षात आल्या तेव्हा ही सल काही अंशी दूर झाली. त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या पोलाद कारखान्याचे भांडवल स्वदेशीच्या लाटेत हिंदी लोकांनीच पुरविले, आणि सरकारने त्या कारखान्याचे वीस हजार टन रूळ दहा वर्षे दरसाल विकत घेण्याचे मान्य केले. सह्याद्रीचे पाणी अडवून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्याची त्यांची कल्पना लोणावळ्याजवळच्या तलावांतून व खोपोलीच्या वीजगृहातून 1915 साली साकार झाली. ही कामे निःसंशय मोठी होती, आणि खासगी उद्योग दूरवरचे पाहू शकत नाही, या आरोपाला त्यांनी कायमचे उत्तर दिले.

आणि तरीही मुळशी घडली. नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्यासाठी मावळ्यांची जी भातखाचरे हवी होती, ती टाटांच्या कंपनीने बाजारात जाऊन विकत घेतली नाहीत. 1894 च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याची जी स्वतंत्र तरतूद होती तिच्या आधारे ती सरकारने ताब्यात घेऊन कंपनीला दिली. 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाचे काम बंद पाडले, पांडुरंग महादेव बापट त्या लढ्याचे सेनापती झाले आणि ही पदवी त्यांच्या नावाला जन्मभर चिकटली. समर्थक म्हणत की मुंबईला वीज मिळेल, कोळसा वाचेल, स्वदेशी उद्योग वाढेल. हे सारे खरे होते. परंतु या लाभांच्या यादीत मुळशीच्या शेतकऱ्याचे नाव कोठेही नव्हते, आणि हानीच्या यादीत मात्र त्याच्याखेरीज फारसे कोणाचे नव्हते. तीन वर्षांनी लढा संपला, धरण झाले, गावे बुडाली. आपल्या विचारात मुळशीने घातलेली भर मी फार मोलाची समजतो. तोटा म्हणजे केवळ जमाखर्चातील तूट नव्हे, आणि तो सोसणारा केवळ खजिना नव्हे. बुडणारी जमीन, तुटणारा गाव हाही तोट्याचाच भाग आहे, हे तोवर कोणत्याही करारात लिहिले गेले नव्हते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी, ज्यांची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात गेली होती आणि ज्यांच्या स्वयंचलित दारांनी खडकवासल्याच्या तलावाची क्षमता वाढविली होती, नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा 1934 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. दहा वर्षांनी, 1944 मध्ये, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास प्रभृतींनी पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये खर्चाची जी मुंबई योजना प्रसिद्ध केली, तीत देशातील अग्रगण्य भांडवलदारांनीच सरकारने अर्थव्यवस्थेत मोठी भूमिका घ्यावी असे सुचविले. त्या रकमेपैकी तीन हजार चारशे कोटी नवे चलन निर्माण करून उभारावयाचे होते. असे चलन महागाईच्या वाटेने प्रत्येक मजुरी करणाऱ्याच्या खिशातून वसूल होते, हे योजनाकारांना समजत होते आणि म्हणूनच त्यांनी कडक नियंत्रणांचीही शिफारस केली. पण राष्ट्रनिर्मितीच्या त्या उदात्त वातावरणात किंमत कोण मोजणार हा प्रश्न जवळजवळ विरून गेला.

त्यानंतरच्या तीन दशकांचे प्रतीक कोयना. कोयनेचे पाणी टाटांच्याही नजरेत होते, त्यांनी त्याची पाहणीही केली होती, पण तो बेत मागे पडला आणि 1954 मध्ये काम सुरू केले ते सरकारने. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरविण्याचे ते काम धैर्याचे होते. 1962 पासून त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले, आणि भागधारकांच्या लाभांशाची चिंता असणाऱ्या कंपनीने इतका दीर्घ पल्ला गाठला असता की नाही, याविषयी मला शंका आहे. परंतु विस्थापितांच्या बाबतीत सरकारी कोयना खासगी मुळशीहून फार निराळी निघाली नाही. पुनर्वसनाचा राज्य कायदा येण्यास 1976 उजाडले, आणि कोयनेचे धरणग्रस्त त्यानंतरही कित्येक दशके जमिनीच्या पट्ट्यांसाठी मोर्चे काढीत राहिले. मालक बदलल्याने तोट्याचा धनी बदलत नाही, हा धडा आपण येथे घ्यावयास हवा होता.

तो दोन माणसांनी निराळ्या क्षेत्रात घेतला होता. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी येथे उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्यात, 1950 च्या सुमारास, ऊस पिकविणारा, भांडवल घालणारा आणि तोटा सोसणारा एकच असावा असा प्रयत्न झाला. पुढे सहकारी कारखान्यांच्या कर्जांनाही राज्य सरकारच्या हमीचा सरसकट आधार मिळू लागला, आणि जी. आय. पी. च्या करारातील मूळ रोग या निराळ्या शरीरातही शिरला.

1991 नंतर वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली, तेव्हा काळ बदलला असे सर्वांनाच वाटले. आणि पोफळीहून सुटलेले कोयनेचे पाणी ज्या वाशिष्ठीतून समुद्राला मिळते, तिच्याच मुखाशी, गुहागर तालुक्यात, एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आला. डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाशी झालेल्या खरेदी करारात मंडळाने वीज उचलली नाही तरी केंद्राच्या क्षमतेपोटी ठरलेली रक्कम देण्याचे बंधन होते. रुपयाची घसरण आणि इंधनाची दरवाढ ग्राहकाच्या माथी होती. मंडळाने पैसे थकविले तर राज्य सरकार हमीदार, आणि राज्य सरकारने थकविले तर केंद्र सरकार प्रतिहमीदार होते. त्याच्या एकशे चव्वेचाळीस वर्षे आधीचा तो जी. आय. पी. चा करार शेजारी ठेवून हा करार वाचावा. भाषा, चलन आणि यंत्रे बदललेली आहेत, भार वाहणारा खांदा बदललेला नाही. 1995 मध्ये नव्या राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला, वाटाघाटी करून तो पुन्हा मोठ्या स्वरूपात स्वीकारला, 1999 मध्ये वीज सुरू झाली, 2001 च्या मे महिन्यात महाग पडणारी ती वीज मंडळाने घेणे थांबविले, आणि वर्षअखेरीस अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. शेवटी तो प्रकल्प सरकारी कंपन्यांच्या पुढाकारानेच सावरावा लागला.

यावरून खासगी भांडवलाला दारच बंद करावे असे मी म्हणत नाही, आणि खजिन्याने कधीच जोखीम घेऊ नये असेही म्हणत नाही. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर पुण्यात 1988 साली प्रगत संगणन विकास केंद्र स्थापन झाले आणि 1991 मध्ये परम 8000 तयार झाला, ही जोखीम खजिन्याचीच होती व ती योग्य होती. कारण त्या प्रयत्नातून मिळणारे ज्ञान, यश येवो वा न येवो, देशातच राहणार होते. उलट 1945 मध्ये होमी भाभांच्या मूलभूत संशोधन संस्थेला पहिला हात टाटांच्या विश्वस्त निधीने दिला आणि सरकार पुढे सामील झाले. दोन्ही प्रसंगी जोखीम घेणाऱ्याला आपण काय घालवू शकतो याची पूर्ण जाणीव होती. दाभोळच्या करारात ग्राहकाला ती जाणीव होऊ नये अशीच तजवीज केलेली होती; कराराची कलमे पुष्कळ काळ गोपनीय ठेवली गेली.

म्हणून या दीर्घ इतिहासात मला खरोखर नवी वाटलेली घटना कोणत्याही बांधकामाची नाही. 1998 च्या केंद्रीय कायद्यानुसार ऑगस्ट 1999 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला, आणि वीज मंडळाला दरवाढीचा प्रस्ताव जाहीर करून लोकांसमोर त्याचे समर्थन करणे भाग पडले. पुण्याच्या प्रयास या संस्थेसारखे अभ्यासू ग्राहक प्रतिनिधी आकडे मागू लागले, आणि शेतीपंपांच्या नावावर दाखविलेल्या विजेचा मोठा हिस्सा वस्तुतः गळतीचा व चोरीचा आहे, ही गोष्ट पहिल्याच सुनावण्यांतून बाहेर आली. तोटा सोसणारा माणूस या व्यवहारात प्रथमच पुराव्यानिशी बोलू शकला.

रस्त्यांना असा आयोग अद्याप नाही. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग खासगी निविदेची रक्कम अवाजवी ठरवून राज्याच्या महामंडळाने सुमारे सोळाशे कोटींत स्वतः बांधला, हे सरकारी कर्तृत्वाचे उत्तम उदाहरण आहे. 2004 मध्ये त्याच रस्त्यावरील पथकराची वसुली पंधरा वर्षांसाठी 918 कोटींना खासगी कंपनीकडे गेली, तेव्हा मात्र वाहतुकीचे अंदाज कोणते धरले आणि ते कमी धरले असतील तर जादा वसुली कोणाची, हे विचारण्यासाठी पथकर देणाऱ्याला कायद्याने नेमलेली जागा नव्हती. विजेच्या दराला जी सुनावणी लागते ती पथकराला, मेट्रोच्या सवलत करारांना आणि सरकार देते त्या प्रत्येक हमीला लागली पाहिजे, आणि ती करारावर सही होण्यापूर्वी लागली पाहिजे. विधिमंडळाने एवढा एक कायदा केला, तर बांधणारा सरकारी असो वा खासगी, त्याची निवड करण्यास मी निर्धास्तपणे तयार होईन.