बॉयलर आला, खळं तुंबलं

फेब्रुवारी-मार्चमध्ये औंढा नागनाथच्या शिवारातून गेलं की शिजत्या हळदीचा वास येतो. पूर्वी काहिलीत पाणी उकळून हळद शिजवत. आता ट्रॅक्टरमागून बॉयलर येतो आणि वाफेवर ड्रमामागून ड्रम उतरतात. काम झपाट्यानं होतं, यात वाद नाही. पण शिजलेली हळद पुढे दहा-पंधरा दिवस उन्हात पसरावीच लागते, आणि ऊन काही बॉयलर आला म्हणून जास्त तापत नाही. मग खळं तुंबतं, थर जाड होतो, ताडपत्र्या कमी पडतात. अवकाळीचं आभाळ दिसलं की घरातली लहानथोर सगळी धावतात.

एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञानं १९८४ साली 'द गोल' ही चक्क कादंबरी लिहून हेच मांडलं. कारखान्याचा वेग ठरतो तो सर्वांत अडलेल्या टप्प्यावर. बाकी कुठेही सुधारणा केली तर ढीग तेवढा वाढतो. शिवाय एक अडचण दूर झाली की दुसरी पुढे येते. याचं उदाहरण औंढ्याशीच जोडलेलं आहे: जवळच दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. अमेरिकेतल्या तिच्या थोरल्या बहिणींनी २००२ ते २०१० कान लावूनही गुरुत्वीय लहर ऐकली नव्हती. कंप, आरशांची थरथर, लेसरचा गोंगाट असं एकेक शमवत गेल्यावर १४ सप्टेंबर २०१५ला ती सापडली.

गोल्डरॅटच्या साठ वर्षं आधी, १९२४ मध्ये, अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टनं वेगळ्याच बाजूनं सुरुवात केली होती. मालात चढउतार होणारच. त्यातला नेहमीचा कोणता आणि खास कारणानं आलेला कोणता, हे त्यानं आलेखावर वेगळं केलं. हळदीचंही तसंच: जेठे गड्डे आणि हळकुंडं एकाच ड्रममध्ये टाकली तर गड्डा कच्चा राहतो नाहीतर हळकुंडाचा लगदा होतो. शिजवणाऱ्यावर कितीही ओरडा, फरक पडत नाही. निवड आधी करावी लागते. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेला. त्याचाच विचार घेऊन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग १९५० मध्ये जपानला गेला. गाजलं जपान.

पुढे याच वाटेनं मोटोरोलानं १९८०च्या दशकात सिक्स सिग्मा आणलं: दहा लाख संधींमागे ३.४ चुका, आणि ते साधणाऱ्या तज्ज्ञांना कराटेसारखे पट्टे. लाखांनी एकसारखे सुटे भाग काढणाऱ्यांना ते शोभतं. मुंबईच्या डबेवाल्यांना हे बिरुद बाहेरच्यांनी चिकटवलं. त्यांनी ना आलेख काढले ना पट्टे बांधले.

सिक्स सिग्मा आणि टोयोटाची पद्धत यांतला खरा फरक मला दिसतो तो इथे. सिक्स सिग्मात दोष शोधायला तज्ज्ञ येतो. टोयोटाच्या कायझेनमध्ये, म्हणजे सतत छोट्या सुधारणा करण्याच्या पद्धतीत, तो हातानं काम करणाऱ्यालाच दिसावा, अशी अपेक्षा असते. टोयोटाच्या संस्थापकाचे वडील साकिची टोयोडा यांचा माग धागा तुटताच आपोआप थांबे. पुढे मोटारीच्या कारखान्यात कामगाराच्या हाती दोरी आली: चूक दिसली तर ओढ, सगळी साखळी थांबव. या दोरीचं कौतुक सगळे करतात, १९५०चा संप मात्र कुणी सांगत नाही. त्या साली टोयोटा बुडायला आली होती. मोठी कामगारकपात झाली, संप पेटला, संस्थापक किइचिरो टोयोडाला अध्यक्षपद सोडावं लागलं. त्यानंतर उरलेल्यांना नोकरीची हमी मिळाली. सुधारणा सुचवली म्हणून आपलीच गरज संपेल, ही भीती गेल्यावर माणसं सुचवू लागली. आपल्याकडे कायझेनच्या पाट्या लागल्या, ती हमी बहुतेक ठिकाणी आलीच नाही.

बॉयलरच्या टोळीचं बघा. हळद शिजली की नाही हे कोणत्याही यंत्राआधी तिला कळतं: वाफेचा वास बदलतो, काडी टोचली की सहज आत जाते. पण काम उक्तं, ड्रमावर नाहीतर क्विंटलवर. अर्धकच्चा ड्रम पाच मिनिटं जास्त ठेवला तर नुकसान टोळीचं. उतरवला तर पुढे रंग कमी निघाला म्हणून मोंढ्यात भाव पडतो तो शेतकऱ्याचा. काडी कितपत आत गेली हे माहीत असलेला माणूस मग गप्प राहतो. रोजानं मजुरी ठरवली तर ड्रम थांबेल, पण मग टोळी रेंगाळते अशी मालकाची तक्रार असते, आणि ती दर वेळी खोटी नसते.